पिंप्रीच्या थैलीतलं सातवं पाकीट

मी एक जुनी थैली आहे, मित्रांनो. किराण्याची नाही, शाळेचीही नाही, टपालाची. रंग खाकी, म्हणजे एके काळी खाकी होता, आता त्याला काय म्हणायचं ते तुम्हीच ठरवा. अंगावर चार ठिगळं आहेत, पट्टा दोनदा बदलला आहे, पण पितळी बक्कल मूळचंच आहे आणि ते मी अजून मिरवते. बुलढाणा जिल्ह्यात मोताळ्याहून रोहिणखेडकडे जाताना एक छोटी पिंप्री लागते. तिथलं टपाल वाहण्यात माझी हयात गेली. पण तुम्हाला सगळी हयात सांगत बसले तर तुम्ही जांभया द्याल. मी सांगणार आहे ती एका आठवड्याची हकिकत, ज्या आठवड्यात अख्खं गाव मला जाळायला निघालं होतं. मी बोलते आहे म्हणजे वाचले, हे तुम्हाला कळलंच असेल. कशी वाचले ते ऐका.

आधी थोडं माझ्या घडणीबद्दल, नाहीतर तुम्हाला वाटेल ही आकाशातून पडली. जाड कापडातून मला शिवलं तेव्हा कारागिरानं आतल्या बाजूला एक चोरकप्पा ठेवला. बाहेरून बघणाऱ्याला तो दिसत नाही. या कप्प्याला विसरू नका. माझे पहिले धनी उकंडराव. त्यांच्या सायकलच्या दांड्याला लटकून मी गावभर फिरले. हळदीकुंकवाची बोटं उमटलेल्या लग्नपत्रिका, मुलगी झाल्याची कार्डं, सैन्यातल्या पोरांची निळी पत्रं, सगळं माझ्या पोटात असायचं. मला बघून बाया चुलीवरचं दूध सोडून दारात यायच्या. दसऱ्याला लोक विळे-कोयते पुजतात, उकंडराव मला पाटावर ठेवून झेंडूची माळ घालायचे. खोटं कशाला बोलू, त्या काळात माझं डोकं जरा चढलंच होतं.

मग मोबाईल आले आणि मी खुंटीवर गेले. सहा-सात वर्षं नुसती लटकत होते. त्या काळात एका उंदरीनं माझ्यात बाळंतपण केलं. टपाल नाही तर नाही, निदान कुणीतरी पोटात आहे, म्हणून मी काही बोलले नाही.

उकंडराव निवृत्त झाले आणि टपालाचं काम जयमालाकडे आलं. जयमाला म्हणजे पिंप्रीचीच सून. शिकलेली, भरभर चालणारी, एकदा हसायला लागली की थांबवता न थांबणारी. तिला नवी कोरी थैली मिळाली होती, पण पहिल्याच पावसाळ्यात तिची चेन तुटली. उकंडरावांनी मला खुंटीवरून काढलं, झटकलं आणि तिच्या हाती दिलं.

"हे घे सूनबाई. हिची चेन कधीच तुटत नाई."

"काऊन वो?"

"हिले चेनच नाई."

जयमाला खूप हसली. तिनं मला रिठ्याच्या पाण्यात धुतलं, कडुनिंबाच्या सावलीत वाळवलं आणि दुसऱ्या दिवशी खांद्याला लावलं. त्या दिवशी मला परत माणसांत आल्यासारखं वाटलं. गेली सहा वर्षं मी तिच्याच खांद्यावर आहे. आधार कार्डं, पेन्शनीचे कागद, पोरांची परीक्षेची पत्रं, कमी असलं तरी काम आहे, आणि काम आहे म्हणजे मी आहे.

आता तुम्हाला भुलाबाईबद्दल सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. आमच्या वऱ्हाडात भादव्याच्या पुनवेपासून कोजागिरीपर्यंत घरोघरी मातीची भुलाबाई बसते, शेजारी तिचा भुलोजी. संध्याकाळी पोरी जमतात, टिपऱ्या वाजवून गाणी म्हणतात आणि शेवटी येतो खाऊ. पण तो सुखासुखी मिळत नाही. घरची पोर डबा झाकून आणते आणि म्हणते, ओळखा. मग डबा कानाशी धरून हलवायचा, फटीला नाक लावायचं, गोड का तिखट, ओलं का सुकं ते विचारायचं. नाहीच जमलं तर सगळ्यांनी 'हरलो' म्हणायचं. हरलो म्हटल्याशिवाय सांगायचं नाही, हा पक्का नियम. गावातले पुरुषही लहानपणी बहिणींच्या मागे खाऊसाठी फिरलेले. त्यामुळे पिंप्रीत पांढऱ्या मिशांच्या माणसाच्या हातात बंद डबा दिला तरी तो आधी हलवतो, मग हुंगतो आणि मग उघडतो. ही सवय त्यांच्या हाडात आहे, त्याला कोण काय करणार.

पिंप्रीच्या भुलाबाईच्या घोळक्यात आठ पोरी होत्या. त्यांतली अपेक्षा जूनमध्ये आईवडिलांबरोबर पुण्याला गेली, वडिलांना तिकडे कारखान्यात काम लागलं म्हणून. उरल्या सात. यंदाची भुलाबाई त्यांना जरा अळणीच गेली, कारण ओळखता न येणारा खाऊ करावा तर अपेक्षानंच. कोजागिरी झाली, भुलाबाईला निरोप दिला आणि पोरी शाळेच्या अभ्यासाला लागल्या.

त्यानंतर चार दिवसांनी, एका सोमवारी, माझ्या पोटात सात खाकी पाकिटं पडली.

सातही सारखी. प्रत्येकावर गावातल्या एकेका मुलीचं नाव, खाली नुसतं 'पिंप्री, जिल्हा बुलढाणा'. पिनकोड नाही. एका जिल्ह्यात पिंप्र्या काय थोड्या आहेत? बिचारी पाकिटं तीन-चार पिंप्र्या फिरून आली होती आणि त्यांच्यावर इतके शिक्के बसले होते की मूळचा शिक्का वाचताच येत नव्हता. पाठवणाऱ्याचं नाव नाही. मागच्या बाजूला लिहिलं होतं, 'उघडू नका, आधी ओळखा.' कोपऱ्यात दोन बाहुल्या काढलेल्या, त्या प्रवासात घासून काळ्या पडलेल्या. पाकिटांच्या कडेनं काळपट पूड गळत होती. माझ्या पोटात तिचा वास दरवळला. सुंठ मी ताबडतोब ओळखली. मिरी ओळखली. चिंच ओळखली. अहो, एवढी वर्षं मी दिवाळीचा फराळ, पापड, मसाले, लोणची, सगळं वाहिलं आहे. हा खाऊ आहे, हे मला पहिल्या क्षणाला कळलं. पण थैलीला तोंड असतं ते फक्त उघडायला, बोलायला नाही.

मुली शाळेत होत्या. जयमालानं जे वर्षानुवर्षं सगळेच करत आले तेच केलं. पारावर चहा पीत बसलेल्या बापा-आजोबांच्या हाती तिनं पाकिटं देऊन टाकली. पोरींचं टपाल बापाच्या हातात दिलं की झालं, अशी आमच्याकडची रीत. सहा पाकिटं गेली. सातवं होतं छकुलीचं. तिचे वडील गोविंदा बायकोपोरीला घेऊन चिखलीला सासुरवाडीत साखरपुड्याला गेले होते, घराला कुलूप होतं. जयमालानं ते सातवं पाकीट चोरकप्प्यात सरकवलं आणि पुढे निघाली.

पारावर भगवानराव बसले होते. गावातले मोठे शेतकरी, सगळे त्यांना आबा म्हणतात, आणि त्यांचं नाक गावात प्रसिद्ध. आंब्याची आढी पिकली की नाही ते ओसरीवरून सांगणार. त्यांच्या नातीचं पाकीट त्यांच्या हाती होतं. सवयीनं त्यांनी ते कानाशी नेऊन हलवलं. मग नाकाशी नेलं आणि दमदार श्वास घेतला.

एकामागून एक त्यांना अकरा शिंका आल्या. पागोटं पडलं, चहा सांडला, डोळ्यांतून पाण्याच्या धारा लागल्या. बाकीच्यांनी काय करायला हवं होतं? लांब राहायला. पण ते पिंप्रीकर. काय आहे बुवा यात, म्हणून प्रत्येकानं आपापलं पाकीट हलवलं आणि हुंगलं. ज्यांच्याकडे पाकीट नव्हतं त्यांनी शेजाऱ्याचं मागून घेऊन हुंगलं. दोन मिनिटांत सगळा पार शिंकत होता. मी जयमालाच्या खांद्यावर, नुकती कोपऱ्यावरून वळलेली, तो आवाज ऐकत होते आणि मला हसू आवरत नव्हतं.

माझं हसू दुसऱ्या दिवशी गेलं. मंगळवारी सकाळी गावातले बारा-पंधरा लोक अंग खाजवत उठले. मानेवर, हातांवर लाल चट्टे. कुणाला डोकं जड, कुणाला चक्कर. त्यांतल्या निम्म्यांनी तर पाकीट पाहिलंही नव्हतं. मोबाईल दुरुस्तीचं दुकान चालवणारा अविनाश गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपचा मालक. त्यानं पाकिटाचा फोटो टाकला आणि वर लिहिलं, सावधान. झालं. दुपारपर्यंत पाकिटात शत्रूच्या देशातलं विष होतं. संध्याकाळपर्यंत ते एका बियाण्याच्या कंपनीचं औषध झालं. बुधवारी कुणीतरी सांगितलं की ही पूड हुंगली की माणूस स्वतःच घरच्या चाव्या काढून देतो. आणि मग कुणाचं तरी त्या दोन काळ्या बाहुल्यांकडे लक्ष गेलं.

"सहाही पोरींच्याच नावानं आली. वरतून बाहुल्या. ही करणी हाय, बाप्पा," अविनाश पारावर म्हणाला.

बापांचे चेहरे उतरले. हसण्यासारखं नव्हतं ते, मित्रांनो. लेकीच्या नावानं कुणी अनोळखी माणूस काही पाठवतो आहे, एवढं कळलं की कुठलाही बाप घाबरणारच. त्यांनी चार पाकिटं चुना टाकून खड्ड्यात पुरली, दोन आरोग्य उपकेंद्रात तपासणीला दिली आणि मुलींना शाळेतून सरळ घरी आणून बसवलं. मुलींनी विचारलं तर त्यांना काही सांगायचं नाही, असं ठरलं. त्या घाबरतील म्हणून. पाकिटं आपल्या नावानं आली होती, हेसुद्धा बिचाऱ्यांना माहीत नव्हतं.

उपकेंद्रातल्या नर्स शालूबाई यांनी सगळ्यांचे हात, माना तपासल्या. त्यांना बोलायला कमी लागतं.

"आबा, गावाच्या वाऱ्याकडच्या बाजूले कोनाच्या सोयाबीनची मळनी चालू हाय?"

"माह्याच," भगवानराव म्हणाले.

"मंग तुमच्याच सोयाबीनचं भुस उडून राह्यलं साऱ्या गावावर. दरसाली खाजते. आंघोळ करा, खोबरेल लावा, मळनी होईस्तोवर तोंडाले रुमाल बांधा. शिंका कायच्या ते तपासनीत कळंल. बाकीचं भेव हाय नुसतं."

पण इतकं साधं उत्तर कुणाला आवडतं? दोन दिवस एवढी मोठमोठी उत्तरं ऐकल्यावर लोकांना भुसा फारच बारीक वाटला. त्यांनी आंघोळ केली नाही आणि खाजवत राहिले.

जयमालाचं काय झालं ते सांगताना मला अजून वाईट वाटतं. बुधवारपासून तिला बघून दारं लागू लागली. एका घरात पेन्शनीचा कागद घ्यायला चिमटा आणला. दुसऱ्या घरात म्हणाले, तिकडं तुळशीजवळ ठेव, तीन दिवस उन्हात पडू दे. कुणीतरी माझ्यावर लांबूनच फिनेल शिंपडलं. माझं काय, मी धुतले जाते. पण जिच्या हातून लोकांनी सहा वर्षं पत्रं घेतली, जिच्याकडून पत्रं वाचून घेतली, तिच्या हाताला आता कुणी हात लावेना. गुरुवारी घरी येऊन तिनं मला मांडीवर घेतलं आणि माझ्या पट्ट्याला डोळे पुसले.

शुक्रवारी पारावर निर्णय झाला. रविवारी सकाळी मैदानात थैली जाळायची. जयमालानं टपालाचं काम सोडायचं. पोस्ट शेजारच्या गावाला न्या, असा अर्ज करायचा. भगवानराव स्वतः सांगायला आले. वाईट मनानं नाही आले, खांद्यावरचा गमछा दोन्ही हातांनी पिळत आले.

"सूनबाई, तुह्यावर राग नाई कोनाचा. पन लेकीबाळीचा मामला हाय. थैली जाळली म्हंजे लोकाइचं मन निवते."

"आबा, मी काय केलं?"

"तू काई नाई केलं. पन आनलं तं तूच ना."

जयमालानं मला उचलून घरात नेलं. मी काय बोलणार? मी तर थैली. पण माझ्या चोरकप्प्यात सातवं पाकीट तसंच होतं, या सगळ्या गडबडीत जयमाला ते विसरूनच गेली होती. मला वाटत होतं, पोरी, एकदा आत हात घाल.

शनिवारी दुपारी तिनं आत हात घातला. उद्या जळायचंच आहे तर निदान स्वच्छ होऊन जळू दे, म्हणून तिनं मला उलटं करून झटकलं, कोपरे चाचपले आणि चोरकप्प्यातलं पाकीट तिच्या हाती आलं. तिनं घाबरून ते खाली टाकलं. मग उचललं. त्यावरचं नाव वाचलं. परत वाचलं. मग ती पाकीट घेऊन ओट्यावर बसली.

"छकुलीचं हाय हे," ती स्वतःशीच म्हणाली. "सातही पाकिटं पोरीइचीच होती. अन् मी एकाही पोरीच्या हाती नाई देल्लं."

रविवार उजाडला. मैदानात पऱ्हाट्यांचा ढीग रचला होता. पऱ्हाट्या म्हणजे कपाशीच्या वाळलेल्या काड्या, त्या बघता बघता पेटतात. सगळं गाव जमलं. तोंडाला रुमाल बांधून आलेले बाप, पदर लावून आलेल्या आया, आणि त्यांच्या मागे, हातांना धरून ठेवलेल्या मुली. गोविंदाही आदल्या संध्याकाळी चिखलीहून परतला होता, कडेला छकुली. तिला तर काहीच ठाऊक नव्हतं, ती साखरपुड्यात मेंदी लावून आली होती. मला ढिगावर ठेवलं. अविनाशनं काडी काढली. खरं सांगते, त्या क्षणी मला उकंडरावांची झेंडूची माळ आठवली आणि फार वाटलं की अजून थोडं जगायला मिळावं.

"थांब बे," जयमाला म्हणाली.

ती पुढे आली आणि ढिगावरून मला उचलून खांद्याला लावलं.

"थैलीत एक टपाल हाय. ते पोचवल्याबिगर थैली जळनार नाई. माह्यं काम हाय ते. मंग खुशाल जाळा."

तिनं पाकीट बाहेर काढलं आणि सगळं गाव दहा पावलं मागे सरलं. फक्त एक शालूबाई जागच्या हलल्या नाहीत.

"कोनाचं हाय?" भगवानरावांनी रुमालातून विचारलं.

"छकुलीचं."

गोविंदानं मुलीला मागे ओढलं. "माह्या पोरीले मी हात नाई लावू देनार."

"गोविंदाभाऊ, तिच्या नावाचं हाय. मी सहा पाकिटं बापाइले देऊन चुकली. हे सातवं तिलेच देईन. तिनं फेकलं तं फेकलं."

"हुंगून कोनाले शिंकांबिगर काई झालं नाई, अन् मी इथंच हाय," शालूबाई म्हणाल्या. "पाहू द्या पोरीले."

गोविंदा विचार करेपर्यंत छकुलीनं हात सोडवून घेतला होता. नऊ वर्षांची पोर ती, तिच्या नावानं जन्मात पहिल्यांदा टपाल आलं होतं. ती धावत आली, मेंदीच्या हातांनी पाकीट घेतलं, मागची ओळ वाचली, कोपऱ्यातल्या दोन काळ्या बाहुल्यांकडे पाहिलं आणि खुदकन हसली. मग तिनं पाकीट कानाशी धरून हलवलं. डावीकडे दोनदा, उजवीकडे दोनदा. मग फाटक्या कडेला नाक लावलं आणि तीन शिंका दिल्या. गाव आणखी पाच पावलं मागे गेलं.

"सुकं हाय," छकुली नाक पुसत म्हणाली. "तिखट. नाई, आंबट बी हाय. जयमालाकाकू, हे अपेक्षीचं हाय ना? भुलाबाई अन् भुलोजी काढले पाहा तिनं. भुलोजीचं नाक असंच काढते अपेक्षी, वांग्यावानी."

अपेक्षाचं नाव मैदानभर ऐकू गेलं. मग घोळक्यातल्या सहाही पोरी आपापल्या आयांचे हात सोडवून धावल्या. पाकीट या हातातून त्या हातात गेलं. प्रत्येकीनं हलवलं, प्रत्येकीनं हुंगलं, प्रत्येकीनं शिंका दिल्या आणि प्रत्येक शिंकेला त्या खिदळत होत्या. मुलींच्या आयांनी तोंडावरचे पदर काढले. त्यांनाही त्या बाहुल्या आता दिसल्या. तोवर फोटो फक्त अविनाशच्या ग्रुपवर फिरला होता, आणि त्या ग्रुपात एकही बाई नव्हती.

भगवानरावांची नात वळली. "आबा, माह्यं बी आलं होतं?"

भगवानरावांनी तोंडावरचा रुमाल सोडला.

"कुठं हाय माह्यं?"

"ते," आबा म्हणाले, "ते चुन्यात गाडलं, बाई."

"माह्या नावाचं होतं अन् मले इचारलं बी नाई?"

ज्या माणसापुढे गाव बोलायला कचरतं तो माणूस एका दहा वर्षांच्या पोरीसमोर पागोटं काढून उभा राहिला. चुकलं, एवढंच म्हणाले.

छकुलीनं पाकीट उघडलं. आत कागदाची पुडी आणि खाली पत्ता लिहिलेली एक चिठ्ठी. तिनं मोठ्यानं वाचली. "इथं आमच्या बिल्डिंगमध्ये कोणाला भुलाबाई माहीत नाही. मी एकटीनंच गाणी म्हटली. खाऊ तुमच्यासाठी केला आहे. ओळखा. फोनवर सांगायचं नाही, पत्रानंच सांगायचं, कारण मला पत्र कधीच येत नाही."

ऐकता ऐकता जयमालाचे डोळे भरले. अविनाशनंही हातातली काडी मुकाट्यानं डबीत ठेवली.

मग सुरू झाली खरी धमाल. पोरींनी बोटानं चाटून पाहिलं. सुंठ सगळ्यांनी ओळखली, चिंच दोघींनी. पुढे गाडी अडली. शालूबाईंनी चाखलं आणि मिरी सांगितली. मग गोविंदानं चाखलं, मग आयांनी, आणि शेवटी भगवानरावांनी, नाक हातभर लांब ठेवून. काळं कशानं झालं ते कुणालाच सांगता येईना. करणी ओळखणारे, विष ओळखणारे, शत्रूचा देश ओळखणारे सगळे तिथंच होते, पण एका पोरीनं केलेला खाऊ काही त्यांच्यानं ओळखवेना.

"मंग म्हना आता," छकुली कमरेवर हात ठेवून म्हणाली.

"काय म्हनू?"

"हरलो म्हना. नियम हाय."

आणि पिंप्री गाव, मित्रांनो, मैदानात उभं राहून एका आवाजात म्हणालं, हरलो. मला वाटतं त्या आठवड्यात गावानं काढलेला तोच एक शहाणा शब्द होता.

पऱ्हाट्या रचलेल्याच होत्या. त्या वाया कशाला घालवायच्या? भगवानरावांच्या मळ्यातून पाटीभर वांगी आली, हिरव्या मिरच्या आल्या, आणि जो जाळ माझ्यासाठी होता त्यावर भरीत भाजलं. कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या, भाकरी झाल्या. ज्या बाईनं चिमट्यानं कागद घेतला होता तिनं पहिली भाकरी जयमालाच्या हातावर ठेवली आणि तो हात थोडा वेळ धरून ठेवला. मी कडुनिंबाच्या फांदीला टांगलेली होते आणि भाजलेल्या वांग्यांचा वास घेत होते. माझ्या सरणाला एवढा चांगला वास येईल असं मला वाटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी जयमाला शाळेत गेली, पोरींना अपेक्षाला उत्तर लिहायला कार्डं दिली. ते बघून मोठ्यांनीही मागितली. अविनाशनं दोन लिहिली, एक अपेक्षाला आणि एक जयमालाला, माफीचं. भगवानरावांचं कार्ड सगळ्यात लहान होतं. 'बाई अपेक्षा, आम्ही हरलो. आता सांग. तुझा आबा.' एकूण एक्केचाळीस कार्डं माझ्या पोटात पडली. इतक्या वर्षांत इतकं भरलेलं पोट मला आठवत नाही. त्यानंतर मळणी संपली, लोकांनी आंघोळी केल्या आणि खाज गेली. तपासणीचा कागद आला त्यात खाण्याचे पदार्थ एवढंच लिहिलेलं होतं.

दिवाळीनंतर अपेक्षाचं उत्तर आलं. सात पाकिटं, या वेळी पिनकोडसकट. जयमाला ती घेऊन पारावरून गेली. बापांनी सवयीनं हात पुढे केले, तिनं मान हलवली आणि सरळ शाळेच्या वर्गात जाऊन सातही पोरींच्या हातात एकेक दिलं. मी खांद्यावर होते, मी पाहिलं, पोरींनी ती छातीशी धरली होती.

आता मी पुन्हा रोज फिरते. माझं एक मागणं आहे, मित्रांनो, जुन्या थैलीचं मागणं समजा. ज्याचं पत्र असेल त्याच्याच हातात द्या, मग तो कितीही लहान असो. तुमच्या घरातल्या लहानग्याला विचारल्याशिवाय त्याच्या गोष्टीचा निकाल लावू नका. कुठे तरी लांब कुणी एकटं बसून तुमच्यासाठी काही पाठवत असेल, त्याला दोन ओळी लिहा. आणि एखादी गोष्ट कळली नाही तर भलतंसलतं रचण्यापेक्षा कळलं नाही म्हणा. त्यानं कुणाची थैली जळत नाही.

अपेक्षाच्या पत्रात काय होतं, ते राहिलंच. तिनं लिहिलं होतं, सुंठ, मिरी, चिंच, पिठीसाखर आणि काळ्या रंगासाठी कोकोची पूड. आणि खाली, 'आणखी एक वस्तू होती, पण आता मलाच आठवत नाही. मीपण हरले.'

मला मात्र आठवतं. माझ्या चोरकप्प्याच्या शिवणीत ती अजून चिमूटभर आहे आणि जयमालानं दोनदा धुऊनही वास गेलेला नाही. सांगते ना, सांगते. पण आधी हरलो म्हणा.